तीन पाय आणि पाऊण सेकंद

देवळाची उत्तरेकडची भिंत, सावलीतली. फिल्मचा वेग १००. पुढच्या खांबापासून मागच्या कोनाड्यापर्यंत सगळं कोरीवकाम स्पष्ट हवं, म्हणून भिंगाचं छिद्र एफ/३२ वर आणलेलं. दगडाचा पोत उठावा म्हणून पिवळा फिल्टर लावला, त्याने आणखी एक स्टॉप प्रकाश खाल्ला. हिशेब केला की एक्स्पोजर येतं पाऊण सेकंदाच्या आसपास. मोबाइल हीच भिंत डोळ्याचं पातं लवायच्या आत टिपतो. ४×५ इंची शीट फिल्मवर काम करणाऱ्याला मात्र हा पाऊण सेकंद रोजचा असतो, आणि संध्याकाळ उतरू लागली की तो दोन, चार, आठ सेकंदांवर जातो.

एवढा वेळ कॅमेरा जागच्या जागी ठेवण्याचं काम तीन पायांचं. गेली काही वर्षं कोल्हापूर, पुणे, मुंबईत तरुण मुलं पुन्हा शीट फिल्मकडे वळताना दिसतात. जुने लाकडी कॅमेरे दुरुस्त करून घेतात, परदेशातून हलके नवे मागवतात, भिंगांवर तासन्‌तास बोलतात. ट्रायपॉडची वेळ येते तोवर पैसे संपलेले असतात आणि घरात पडलेला डिजिटल कॅमेऱ्याचा स्टँड त्या भात्याच्या कॅमेऱ्याखाली येतो. एकेका शीटला काहीशे रुपये मोजायचे आणि ती थरथरत्या पायांवर उघडायची, हे मला बघवत नाही. थोडक्या पैशांत भक्कम पाय मिळू शकतात, फक्त ते कॅमेऱ्याच्या दुकानात शोधायचे नाहीत, असं माझं मत आहे. त्यासाठी हा लेख.

आधी हा कॅमेरा हलतो कशाने ते पाहू. पुढे भिंगाची पाटी, मागे दुधी काच, मधे कापडी किंवा चामडी भाता, एवढाच त्याचा संसार. शटर भिंगातच असतं, त्याच्या पातळ पाकळ्या उघडतात आणि मिटतात. आरसा वर उडण्याचा धक्का इथे नाही. म्हणजे कॅमेरा स्वतःहून जवळजवळ हलत नाही, हलवतात ती बाहेरची कारणं. पहिलं कारण वारा. भाता लांब काढला की वाऱ्याला चांगलाच पसरट पृष्ठभाग मिळतो, आणि वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, तर दाब चौपट. डोक्यावरचं काळं कापड कॅमेऱ्यावरच राहिलं तर तेही फडफडतं. दुसरं कारण आपला हात. फिल्म होल्डर खुपसताना आणि त्याची डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी पट्टी, उपसताना कॅमेऱ्याला हिसका बसतो, तो शमायला वेळ लागतो. तिसरं कारण जमीन: वाड्याचा लाकडी तक्ता, पुलाचा कठडा, शेजारून गेलेली एसटी.

सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात शटर मिटलं तर कंपाला वेळच मिळत नाही. उलट वीस सेकंद उघडं राहिलं तर सुरुवातीची अर्ध्या सेकंदाची थरथर एकूण प्रकाशात नगण्य ठरते. सगळ्यात वाईट पट्टा तिसाव्या हिश्शापासून एक-दोन सेकंदांपर्यंतचा, आणि मोठ्या कॅमेऱ्याचं बहुतेक काम नेमकं त्याच पट्ट्यात चालतं. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम आदींनी जो गट काढला त्याचं नावच 'एफ/६४'. तीक्ष्णतेचा आग्रह धरणाऱ्यांनी भिंगाच्या सर्वात लहान छिद्राचं नाव घेतलं, म्हणजेच लांब एक्स्पोजर पत्करलं. ॲडम्सचं १९४१ मधलं 'मूनराइज, हर्नांडेझ' हे छायाचित्र ८×१० इंची कॅमेऱ्यातलं, गाडीच्या टपावरच्या फळीवरून घेतलेलं. एफ/३२, एक सेकंद. दुसऱ्या फिल्मची तयारी होईपर्यंत चित्रातल्या क्रुसांवरचा उजेड गेला होता. तो एक सेकंद टपावर स्टँड थरथरला असता तर ते चित्रच उरलं नसतं.

दुकानात गेलं की खोक्यावर आकडा असतो: क्षमता ८ किलो. विक्रेता समजावतो, "सर, तुमचा कॅमेरा दोन किलोचा, हा आठ किलो पेलतो, मग काळजी कसली?" तो खोटं बोलत नाही. लाकडी ४×५ फील्ड कॅमेरा दीड ते अडीच किलोत बसतो, दांडीवरचा मोनोरेल चार-पाच किलोंपर्यंत जातो. आठ किलो ठेवले तरी ट्रायपॉड मोडणार नाही, एवढंच तो आकडा सांगतो. कॅमेरा-ट्रायपॉडची क्षमता कशी मोजायची याचं सर्वमान्य प्रमाणक नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा ठरवते. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. आपल्याला हवा तो ताठपणा. बोटभर जोर लावला तर डोकं किती वाकतं, किती पिळतं आणि परत जागेवर यायला किती वेळ घेतं, हे कुठल्याही खोक्यावर छापलेलं नसतं.

ताठपणा कुठून येतो याचं गणित सोपं आहे आणि खिशाला उपयोगी आहे. पोकळ नळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या घनाने वाढतो. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर विरोध आठपट. पायाचे जितके तुकडे जास्त तितका शेवटचा तुकडा बारीक, आणि सगळा डोलारा त्या शेवटच्या तुकड्यावर उभा. प्रवासासाठी म्हणून विकले जाणारे चार-पाच तुकड्यांचे, हातभर लांबीत घडी होणारे ट्रायपॉड इथेच हरतात. तीन तुकड्यांचा बरा, दोन तुकड्यांचा उत्तम. मधला वरखाली सरकणारा खांब तर मोठ्या कॅमेऱ्याचा शत्रूच. एका टोकाला धरलेल्या दांडीचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं, म्हणून खांब १० सेंटिमीटर वर काढला त्याच्या आठपट वाकणं २० सेंटिमीटरवर होतं. तीन पाय मिळून कमावलेला ताठपणा त्या एका दांडीवर उधळायचा नाही. खांब असलाच तर तो खाली बसवून विसरून जावा.

पायांपेक्षाही जास्त ट्रायपॉड माथ्याशी फसतात. जिथे तीन पाय बिजागरीने जुळतात तिथे अरुंद, ढिली जोडणी असली की अख्खा स्टँड पिळतो. वाकणं डोळ्यांना दिसतं, पिळणं दिसत नाही, आणि भात्यावर बाजूने येणारा वारा कॅमेऱ्याला पिळतच असतो.

हे घरी मोजता येतं. आम्ही काही जणांनी इमारतीच्या पार्किंगमध्ये आपापले स्टँड आणून ते केलं. कॅमेऱ्याच्या जागी लाकडी ठोकळा घट्ट बसवायचा, त्यावर लेझर पॉइंटर बांधायचा आणि १० मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडायचा. मग सामान तोलायचा हुकाचा काटा ठोकळ्याच्या टोकाला अडकवून बाजूला ठरावीक ओढ द्यायची, प्रत्येक स्टँडला तेवढीच. ठिपका १ मिलिमीटर सरकला तर १५० मिलिमीटरच्या भिंगामागे फिल्मवर प्रतिमा १५ मायक्रॉन सरकते, म्हणजे मिलिमीटरचे १५ हजारांश भाग. ४×५ ची शीट चौपट वाढवून १६×२० इंची छपाई केली तरी हे सरकणं कागदावर ०.०६ मिलिमीटरच भरतं, डोळ्याला कळत नाही. पण ठिपका ५ मिलिमीटर सरकला तर कागदावर ०.३ मिलिमीटरचा धुरकटपणा येतो आणि तो कुणालाही दिसतो. ओढ सोडल्यावर ठिपका किती वेळ नाचतो तेही बघायचं. त्या संध्याकाळी चकचकीत, महागडे, पातळ पायांचे स्टँड ज्या तऱ्हेने नाचले ते पाहून त्यांचे मालक गप्प झाले होते. सगळ्यात शांत राहिले ते दोन: एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आलेला जुना लाकडी स्टँड, आणि जमीन मोजणीचा पिवळा ट्रायपॉड.

हा मोजणीचा ट्रायपॉडच माझं उत्तर आहे. तो बनतो टोटल स्टेशन किंवा थिओडोलाइट ही कोन मोजणारी यंत्रं पेलण्यासाठी. नेहमीच्या वापरातलं टोटल स्टेशन ५ सेकंदांचा कोन मोजतं. हा सेकंद वेळेचा नाही, कोनाचा: एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले ५. शंभर मीटरवर हा फरक अडीच मिलिमीटरही भरत नाही. तेवढाच कोन १५० मिलिमीटरच्या भिंगामागे घेतला तर फिल्मवर ४ मायक्रॉनपेक्षा कमी सरक होते. मोजणीवाल्याला जी चूक परवडत नाही ती फिल्मवर उमटतसुद्धा नाही. म्हणूनच या ट्रायपॉडसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणक आहे, आयएसओ १२८५८ चा दुसरा भाग. वजनाखाली डोकं किती दबतं आणि पिळल्यावर ते कितपत जागेवर परत येतं, हे त्यात तपासलं जातं. कॅमेऱ्याच्या दुकानात जे कुणी सांगत नाही ते इथे नियमात लिहिलेलं आहे.

त्याची रचनाही बघण्यासारखी आहे. प्रत्येक पाय वरच्या भागात दोन समांतर दांड्यांचा, माथ्याशी रुंद बिजागरी, म्हणून पिळायला वाव कमी. पायाचे तुकडे दोनच. मधला खांब नाही. माथा सपाट, हाताच्या पंजाएवढा. टोकाला लोखंडी नाळ आणि तिच्या शेजारी पाऊल ठेवायला खूर, त्यावर उभं राहून टोक जमिनीत रोवायचं. ॲल्युमिनियमचा चार-पाच किलोंचा, लाकडी जड प्रकारातला सहा-सात किलोंचा. नवा ॲल्युमिनियमचा आपल्याकडे चार आकडी रकमेत येतो. तेवढ्याच ताठपणाचा नामवंत युरोपीय कॅमेरा-ट्रायपॉड डोक्यासकट घ्यायला गेलं तर गोष्ट लाखाच्या घरात जाते.

या उपकरणांचं आपल्या देशातलं एक जुनं गाव म्हणजे रुडकी. १८४७ मध्ये तिथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, पुढे ते थॉमसन कॉलेज म्हणून ओळखलं गेलं, आज ते आयआयटी आहे. त्याच्या आसऱ्याने मोजणीची आणि रेखाटनाची उपकरणं करणारे कारागीर तिथे वसले आणि तो धंदा अजून चालू आहे. छायाचित्रणाच्या इतिहासाशी रुडकीचा आणखी एक धागा जुळतो. लाला दीनदयाळ (१८४४ ते १९०५) याच थॉमसन कॉलेजात शिकले आणि इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. कॅमेरा हाती घेतला तो त्यानंतर. पुढे निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली, १८९६ मध्ये मुंबईत त्यांचा स्टुडिओ उघडला. त्यांनी काढलेली देवळं, किल्ले, राजवाडे पाहताना रेषा कशा सरळ उभ्या राहतात ते पाहावं. मोजणीची शिस्त त्या माणसाच्या शिक्षणातच होती, असं मला त्या चित्रांसमोर नेहमी वाटतं.

मोजणीचे पाय कसे वापरायचे हे मला सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त भूकरमापकांनी शिकवलं. त्यांच्या नोकरीची सुरुवात प्लेन टेबल आणि साखळीची, शेवट ईटीएस मशीनवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशनवर. आता तर उपग्रहांवरून जागा ठरवणारे रोव्हर आले, त्यांना काठीच पुरते. मी कॅमेऱ्यासाठी विचारतोय म्हटल्यावर त्यांना गंमत वाटली नाही, उलट ते सरसावून बसले.

"हद्द कायम करायला गेलो की बांधाच्या दोन्ही अंगांना भाऊभाऊ काठ्या घेऊन उभे असायचे," ते म्हणाले. "टेबल एक सूत हाललं की नकाशात बांध सरकला. मग रात्री गावातून बाहेर पडणं मुश्कील. पायांची काळजी आम्हाला कुणी शिकवावी लागली नाही."

त्यांनी सांगितलेली पहिली परीक्षा बिजागरीची. ट्रायपॉड आडवा धरून एक पाय वर उचलायचा आणि सोडायचा. पाय धाडकन पडला तर बिजागरी ढिली, अजिबात हलला नाही तर फार आवळलेली. तो सावकाश खाली येऊन मध्यावर थबकला पाहिजे. तिन्ही पायांची ही चाल सारखी हवी, माथ्याखालचे नट पान्याने तसे आवळून घ्यायचे. दुसरी गोष्ट उताराची: दोन पाय उताराच्या अंगाला, एक चढाच्या अंगाला, म्हणजे कलंडायची भीती नाही. तिसरी, पाय रोवताना जोर पायाच्या दिशेनेच द्यायचा, सरळ खाली नाही. सरळ खाली दाबलं तर पाय वाकून ताणात राहतो आणि तो ताण नंतर हळूहळू सुटत राहतो, यंत्र आपोआप फिरतं. ही तिसरी गोष्ट मी छायाचित्रणाच्या कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. लांब एक्स्पोजरमध्ये दृश्य काडीभर सरकल्यासारखं का दिसतं, याचं एक कारण त्यात आहे.

आता अडचण पेचाची. लहान कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंची पेच असतो, इंचाला २० आटे. मोठ्या कॅमेऱ्यांना आणि ट्रायपॉडच्या डोक्यांना ३/८ इंची, १६ आटे. मोजणीच्या ट्रायपॉडचा पेच ५/८ इंची, ११ आट्यांचा, शिवाय तो माथ्यातल्या मोठ्या भोकात इकडे-तिकडे सरकतो. दोघांची सोयरीक जुळवायला मधे एक चकती लागते: खालून ५/८ चे आटे, वर ३/८ चा खुंट. कोल्हापुरात राहणाऱ्याने यासाठी परदेशातून काही मागवू नये. शिवाजी उद्यमनगर आहे. याच शहरात बाबूराव पेंटरांनी देशी बनावटीचा सिनेकॅमेरा उभा केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. लेथवर काम करणाऱ्या माणसाला इथे अवघड ते काय वाटणार?

मी ज्यांच्याकडे गेलो त्यांनी पेच हातात घेऊन आटेपट्टी लावली. "ह्ये तर बीएसडब्ल्यूचंच हाय की. टॅप पडलाय माझ्याकडं. पर चकती पातळ घिऊ नका, बारा एमएम तरी ठेवा. मधी भोक हाय न्हवं? पातळ घेतली तर तितंच वाकंल." त्यांनी कॅमेरा पाहिलासुद्धा नव्हता आणि नेमकी मेख सांगितली. भोकाच्या कडेबाहेर चकती चांगली दोन बोटं टेकली पाहिजे, नाहीतर भक्कम पायांवर पातळ ताटली ठेवल्यासारखं होतं. चकतीखाली जाड रबर घालायचा मोह टाळावा, रबर दबतं आणि कॅमेरा त्यावर डुलतो. घालायचीच असेल तर पातळ चामड्याची चकती पुरे.

वर डोकं कोणतं? बॉल हेड मोठ्या कॅमेऱ्याला मी घेऊ देणार नाही. एक मळसूत्र सैल केलं की तिन्ही दिशा एकदम सुटतात, अडीच किलोंचा कॅमेरा आणि लांब काढलेला भाता पुढे झुकतो आणि दुधी काचेवर जुळवलेलं सगळं जातं. तीन दांड्यांचं पॅन-टिल्ट डोकं घ्या, एकेक दिशा वेगळी हलवता येते. जुन्या बाजारात मॅनफ्रॉट्टोचं षटकोनी पाटीचं ०२९ डोकं मिळालं तर डोळे झाकून घ्यावं, पाटी रुंद असल्याने लाकडी तळ त्यावर नीट बसतो. कॅमेरा फील्ड पद्धतीचा असेल आणि काम मुख्यतः इमारतींचं, तर डोक्याशिवायही भागतं. माथा सपाट असतोच. पायांची लांबी बदलून तो समपातळीत आणायचा आणि बाकीचं काम कॅमेऱ्याच्या पुढच्या पाटीच्या उचलीवर सोपवायचं. भूकरमापक आयुष्यभर हेच करतात. डोकं गेलं की वजन गेलं, खर्च गेला आणि ढिली होणारी एक जागाही गेली.

उंचीबद्दल गैरसमज फार आहेत. लोक सहा फुटी ट्रायपॉड शोधतात. दुधी काच आपण पाठीमागून, कापडाखाली वाकून बघतो, आणि काचेचा मध्य कॅमेऱ्याच्या तळापासून १२ सेंटिमीटरच्या आसपास वर असतो. त्यात डोक्याची उंची धरा. साडेपाच फुटी माणसाला सपाटीवर माथा १३० सेंटिमीटरला आला की बास. जास्तीची लांबी लागते ती उतारावर, खालच्या बाजूच्या पायांना. मोजणीचा ट्रायपॉड साधारण एकशे साठ-सत्तर सेंटिमीटरपर्यंत जातो, म्हणजे पन्हाळ्याच्या तटाखालच्या उतारावरही भागतं.

मसाई पठारावर या पायांची खरी परीक्षा झाली. पन्हाळ्याच्या पश्चिमेला पसरलेला हा जांभ्याचा सडा, ना झाड ना आडोसा, आणि पावसाळा सरताना कोकणातून घाट चढून आलेला वारा अंगावर थेट येतो. जांभ्यावर पाय रोवले जात नाहीत, पण त्याच्या खळग्यांत लोखंडी नाळ अशी बसते की ट्रायपॉड ढकलूनही सरकत नाही. तिथे वजनाची पिशवी मधे टांगून पाहिली. पिशवी वाऱ्याने झोके घेऊ लागली की उलट त्रास, म्हणून तिचा तळ जमिनीला टेकलेला हवा. पिशवीने कॅमेरा उलथत नाही एवढंच, ताठपणा तिने वाढत नाही. मोठी काळी छत्री घेऊन वाऱ्याच्या बाजूला उभा राहणारा मित्र सगळ्यात कामाचा. डार्क स्लाइड उपसल्यावर दहा आकडे मोजायचे, काळं कापड काढून बगलेत धरायचं, झुळूक पडायची वाट बघायची आणि मग शटरची केबल दाबायची. लाकडी पाय असतील तर ही वाट कमी बघावी लागते, कारण लाकूड कंप स्वतःत जिरवतं. ॲल्युमिनियमपेक्षा लाकडाचा हा गुण कितीतरी पट जास्त आहे. जर्मनीत बेर्लेबाख १८९८ पासून लाकडी ट्रायपॉड करते आणि आजही ॲश लाकडाचे विकते, अमेरिकेत रीज मेपलचे. ते मागवायला गेलं तर भाडं आणि जकात मिळून स्वस्ताईचा विषयच संपतो, म्हणून त्यांची शिफारस इथे करत नाही.

या निवडीत त्रासही आहे, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पाच-सहा किलो खांद्यावर घेऊन गड चढणं सोपं नाही. हे पाय फार खाली बसत नाहीत, जमिनीलगतच्या रानफुलांसाठी हा स्टँड निरुपयोगी. गुळगुळीत फरशीवर पाय पसरत जातात, कारण पायाचा कोन अडवणारी खीळ त्याला नसते. त्यावर उपाय स्वस्त: तिन्ही पायांना बांधून ठेवणारी साखळी, किंवा सुताराकडून तीन खोबण्या पाडलेली लाकडी तिकोनी चौकट. देवळाच्या आणि वाड्याच्या फरशीवर उघडी लोखंडी टोकं टेकवू नयेत, ओरखडा कायमचा राहतो. तिकोनी चौकट तिथेही उपयोगी पडते. गोल नळीचे पाय असलेल्या स्टँडला औषधांच्या दुकानात मिळणारी कुबडीची रबरी टोपणं छान बसतात. आणि केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावायला वेगळी परवानगी काढावी लागते, वेरूळला पोहोचल्यावर दारात वाद घालण्यापेक्षा ती आधीच काढावी.

ज्यांना दिवसभर चालायचं आहे आणि कॅमेरा सव्वा-दीड किलोचा आहे, त्यांनी मोजणीच्या ट्रायपॉडच्या मागे लागू नये. वापरलेला, तीन तुकड्यांचा, वरची नळी निदान २८ ते ३२ मिलिमीटर व्यासाची असलेला ॲल्युमिनियमचा स्टँड शोधावा. मॅनफ्रॉट्टो, गिट्झो, टिल्टॉल यांचे जुने, जाडजूड नमुने सुटे भाग मिळत असतील तर नव्या हलक्या स्टँडपेक्षा केव्हाही सरस. पैसे असतील तर कार्बन फायबर जरूर घ्यावा, वजन वाचतं आणि कंपही लवकर शमतो. पण जाड नळीचाच. पातळ कार्बन आणि जाड ॲल्युमिनियम यांत मी ॲल्युमिनियम उचलेन.

राहता राहिले आपल्या गावोगावचे जुने स्टुडिओ. केरळात अलप्पुळाला वागीश्वरी नावाचे लाकडी कॅमेरे बनत. वाद्यं करणाऱ्या घराने भाता शिवायचं कसब कॅमेऱ्याकडे वळवलं आणि ते कॅमेरे देशभरच्या स्टुडिओंत गेले. त्यांच्याखालचे सागवानी स्टँड अजून कुठे माळ्यावर, कुठे मांडवाच्या सामानात पडलेले दिसतात. चाकं असलेला जड स्टँड घराबाहेर नेता येणार नाही, पण घडीचा, दुहेरी दांड्यांचा लाकडी स्टँड दिसला तर नीट तपासावा. लाकूड तडकलेलं नसावं, पितळी पट्ट्यांचे स्क्रू लाकडात घट्ट असावेत, खोबणीला वाळवी नसावी. सुताराकडून चिरा बुजवून घ्या, जवसाचं तेल पाजा, गंजलेले नट उद्यमनगरात बदलून घ्या. त्या पार्किंगमधल्या चाचणीत शांत राहिलेला लाकडी स्टँड याच जातीचा होता.

ज्यांच्या घरी असा स्टुडिओ होता आणि आता बंद आहे त्यांना एक विनंती. भंगारवाल्याला तो स्टँड लाकडाच्या भावाने देण्याआधी गावातल्या, तालुक्यातल्या छायाचित्रण शिकणाऱ्या मुलांना विचारा. आणि घेणाऱ्याला सांगणं एवढंच: स्टँड कुठूनही घ्या, पण घ्यायला जाताना आपला कॅमेरा सोबत न्या. तो वर चढवा, भाता पूर्ण लांब काढा, दुधी काचेवर भिंग टेकवून दूरच्या खिडकीची चौकट पाहा आणि पुढच्या पाटीला बोटाने टिचकी मारा. दोन आकडे मोजेपर्यंत चौकट स्थिर झाली तर पैसे द्या. झाली नाही तर कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा.